वाजवून घेतलेली बोट

"समुद्र हाच माणसाचा खरा पत्ता. घर, गल्ली, गाव हे सगळे वाटेतले मुक्काम," असं मास्तरांनी एका सकाळी जाहीर केलं. त्या वेळी ते न्हाणीघराच्या दारात एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायातला मोजा पिळत होते, कारण नळाचा वॉशर बदलायला घेऊन त्यांनी घरातच भरती आणली होती. त्यांच्या बायकोने आधी मुख्य कॉक बंद केला, मग वॉशर बदलला, मग फरशी पुसली आणि मग विचारलं, "हं, काय म्हणत होतात?"

मास्तर भूगोलाचे. अडतीस वर्षं शाळेत त्यांनी सगळ्या महासागरांवरून बोट फिरवलं होतं. बोट फिरवली मात्र एकदाही नव्हती. निवृत्त झाल्यावर लिंगातला हा फरक त्यांच्या मनाला फारच लागून राहिला आणि त्यांनी ठरवलं की शिडाची एक जुनी बोट घ्यायची, घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी वर्षभर किनाऱ्या-किनाऱ्याने, बंदर घेत घेत हिंडायचं. बायकोला सगळे सिस्टर म्हणत, कारण ती तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होती; घरातही तिचा हुद्दा तोच राहिला होता. दोघांनी तळ्यावरच्या शिकवणी वर्गात शीड चालवण्याचे धडे घेतले. सिस्टर प्रात्यक्षिकात पहिल्या आल्या. मास्तर लेखीत पहिले आले. प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली होती.

तरीही अडचण होती आणि ती मास्तरांच्या पूर्वेतिहासात होती. जुनी वस्तू विकत घेण्याच्या कामी मास्तरांचा हातखंडा होता, पण उलट्या बाजूने. त्यांनी एक मोटार घेतली होती, ती रंगावर भाळून. रंग शेवटपर्यंत टिकला, बाकी काही टिकलं नाही. एक दुर्बीण घेतली होती, तिच्यातून फक्त दुर्बिणीचं अंतरंग दिसायचं. आणि एक पियानो घेतला होता, त्यात उंदरांचं बिऱ्हाड होतं. पियानो बघायला गेले तेव्हा दारातूनच ते मालकाला म्हणाले होते, "इतकी देखणी वस्तू मी जन्मात पाहिली नाही." त्यानंतर घासाघीस करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून सिस्टरनी या वेळी अट घातली. बोट टकटक मावशी तपासणार; जुन्या बोटी विकत घेणाऱ्यांना त्या तपासून देत. त्या हो म्हणाल्या तरच घ्यायची. आणि तपासणी चालू असताना मास्तरांनी तोंड उघडायचं नाही.

"एक शब्दही नाही?" मास्तरांनी विचारलं.

"एक शब्द निघाला की बोट तिथे आणि आपण घरी. मग मी पुन्हा समुद्राचं नाव ऐकून घेणार नाही, सांगून ठेवते."

सिस्टर सांगून ठेवत, तेव्हा ते ठेवलेलं राहत असे. मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्या मौनव्रताला तिथूनच सुरुवात झाली.

बोटींच्या आवारात पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभ्या केलेल्या दहा-बारा बोटी पोट दाखवत उभ्या होत्या. त्यातली सर्वांत टोकाची बोट पाहिली आणि मास्तरांच्या घशाशी विशेषणांची रांग लागली. चौतीस फूट लांब, पांढरी, कडेने एक निळी रेघ, आणि अंगाची वळणं अशी की वहीच्या समासात मुलं जी बोट काढतात ती हिच्यावरूनच काढत असावीत. मास्तरांनी विशेषणं गिळली. सिस्टरनी त्यांच्याकडे पाहून पाण्याची बाटली पुढे केली.

बोटीचा मालक शिडीशी उभा होता. धंद्याने घड्याळजी; आवारात मात्र त्याला सगळे कप्तान म्हणत. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, आणि नजर कायम तुमच्या खांद्यावरून क्षितिजाकडे. सव्वीस वर्षं बोट त्याच्याकडे होती. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून विकायची, असं त्याने जाहिरातीत लिहिलं होतं. हिने आपल्याला तीन समुद्र दाखवले आहेत, हे मात्र तो हात मिळवण्याआधीच सांगून मोकळा झाला.

तेवढ्यात टकटक मावशी आल्या. साठीच्या, बुटक्या, गुडघ्यांना रबरी पट्टे बांधलेल्या, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. मास्तरांनी रात्र खर्ची घालून एकशे चौदा प्रश्नांची यादी काढली होती, विभाग अ, ब आणि क. बोलता येत नसल्यामुळे त्यांनी ती नुसतीच मावशींच्या हातात दिली. मावशींनी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली, अक्षराचं कौतुक केलं, कागदाच्या चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या शिडीच्या पायाखाली सारल्या. दिवसभर शिडी जरासुद्धा हलली नाही.

मग त्या वर गेल्या, आत उतरल्या आणि काहीही बघण्याआधी त्यांनी इंजिनाच्या अंगावर तळवा ठेवला.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या.

कप्तान म्हणाला, नळीने पाणी देऊन सकाळी जरा चालवून ठेवलं. पाहुणे येणार, त्यांच्यापुढे इंजिन गारठलेलं ठेवणं बरं दिसत नाही.

"मला गारठलेलंच बघायचं असतं. अंथरुणातून उठताना माणूस कसा दिसतो त्यावरून तब्येत कळते. दाढी करून बसल्यावर सगळेच बरे दिसतात." मावशींनी घड्याळ पाहिलं आणि इंजिन दुपारवर ढकललं. सिस्टरनी हे ऐकलं आणि त्या पहिल्यांदा हसल्या. वॉर्डातल्या सकाळच्या फेरीची गोष्ट कोणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

पिशवीतून मावशींनी काढली ती एक छोटी हातोडी, तोंडाला प्लास्टिक बसवलेली, आणि खडूचा तुकडा. बोटीच्या पुढच्या टोकाशी गेल्या, डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली. टकटक. दोन बोटं पुढे. टकटक. दोन बोटं खाली. फायबरची बोट, तिच्या भिंतीत थरावर थर. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज टणक येतो, आत पाणी शिरून सुटले असतील तर मठ्ठ. एवढंच शास्त्र, मावशी म्हणाल्या. पण चौतीस फूट बोट दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटांनी वाजवायची म्हणजे किती वेळा, हा हिशोब मास्तरांनी मनात केला आणि सोडून दिला. मावशींनी तो केलाच नव्हता. त्या आपल्या वाजवत होत्या. ऊन वर आलं, बाजूच्या बोटीवर कोणीतरी घासकाम सुरू केलं, तर त्या थांबल्या, ते संपेपर्यंत डबा उलटा टाकून त्यावर बसून राहिल्या, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा टकटक.

"डॉक्टर छाती वाजवतात ना, पालथ्या बोटावर बोट मारून," सिस्टर हळूच म्हणाल्या, "अगदी तसं."

"त्यांचं बोटाने, माझं बोटीवर," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "या, ऐका."

त्यानंतर दोघी बायका बोटीच्या पोटाला कान लावून सरकू लागल्या. मास्तर पाच पावलं मागून पाहत राहिले. शाळेत तपासणीला येणारे साहेब त्यांनी पाहिले होते. ते दारातून आत डोकावत, फळ्याकडे बघत आणि नाश्त्याची चौकशी करत. आपलं काम कोणी इतक्या मन लावून तपासलं असतं तर आपण आणखी दहा वर्षं नोकरी केली असती, असं त्यांना वाटून गेलं.

कप्तान मात्र या सगळ्या वेळात बोलत होता. मावशी तळाशी असताना त्याने एक वादळ सांगितलं. मावशी बोटीखालच्या जड कण्याचे बोल्ट विजेरीने पाहत होत्या, तेव्हा एक देवमासा सांगितला. त्यात आकड्यांची, नावांची चंगळ होती. मावशी मधूनच "अच्छा" म्हणत आणि भलतंच काहीतरी बघत. नांगराच्या साखळीची कडी न् कडी त्यांनी हातातून सोडली. ती दुकानातून आणल्यासारखी चकचकीत होती. स्वयंपाकाचा स्टोव्ह, जो लाटांबरोबर झुलावा म्हणून दोन खिळींवर टांगलेला असतो, तो त्यांनी झुलवून पाहिला. झुलला नाही. त्याची अडसराची खीळ रंगाने जागच्या जागी चिकटून बसली होती. नकाशांचं कपाट उघडलं तेव्हा मास्तरांना राहवलं नाही, त्यांनी दोन नकाशे उलगडले. कोऱ्या नोटेसारखे कडक. पेन्सिलीची एक रेघ नाही.

आणि मागच्या बैठकीशी एक बादली होती. पत्र्याची, साधी. तिची दोरीची कडी धरून धरून मऊ झाली होती, काठ एका बाजूला गुळगुळीत झिजला होता. अख्ख्या बोटीवर वापरून झिजलेली वस्तू म्हणाल तर ती एकच. मावशींनी ती उचलली, आत पाहिलं, मग कप्तानाकडे पाहिलं, आणि बादली होती तिथेच, दोरी होती त्याच बाजूला करून, ठेवून दिली. वहीत काही लिहिलं नाही. बादलीत बघण्यासारखं काय असतं, हे मास्तरांना कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

मावशी डेकवर आल्या. गुडघ्यांवर बसून वाजवत चालल्या. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा जिथे डेकमध्ये उतरतात, तिथे उजवीकडे आवाज बदलला. सिस्टरनी मावशींच्या आधी मान वर केली. मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. सिस्टरनी तळहाताएवढा गोल काढला. मास्तरांना आपल्या बायकोचा इतका अभिमान लग्नातसुद्धा वाटला नव्हता, आणि तोही बोलून दाखवता येत नव्हता.

नेमका त्याच वेळी कप्तान तिसऱ्या समुद्रात पोचला. "मग काय सांगू," तो म्हणाला, "पश्चिमेच्या वाऱ्याने आम्हाला पाठुंगळीला मारलं आणि नऊ दिवसांत थेट पश्चिमेला नेऊन उतरवलं."

मास्तरांच्या कानशिलाची शीर उडू लागली. त्यांनी निळ्या रेघेकडे पाहिलं. ढगांकडे पाहिलं. अडतीस वर्षं, दरवर्षी चार तुकड्या, प्रत्येक तुकडीत निदान दहा मुलांनी नेमकी हीच चूक केली होती आणि त्यांनी ती एकदाही, तापात असतानासुद्धा, सोडली नव्हती.

"पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो," मास्तर म्हणाले. "तो तुम्हाला पूर्वेला नेईल. वाऱ्याला जिथून आला तिथलं नाव असतं, प्रवाहाला जिकडे जातो तिकडचं. इयत्ता सातवी."

टकटक थांबली. कप्तानाची नजर सव्वीस वर्षांत पहिल्यांदा क्षितिजावरून खाली आली आणि स्वतःच्या बुटांवर स्थिरावली. सिस्टरनी खडू खाली ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या. तेवढंच.

मास्तरांना कळलं की बोट गेली. आपणच, सातवीच्या पुस्तकाने, बुडवली.

मावशींनी कप्तानाला विनंती केली की घरून देखभालीची वही असेल तर आणावी. तो शिडी उतरला. गुडघ्यांची तक्रार मात्र खरी होती. तो फाटकापलीकडे गेल्यावर मास्तर सिस्टरना सांगू लागले की आपलं चुकलं, पण या माणसाने सरळसरळ थापा मारल्या आहेत, हा कधी कुठे गेलेलाच नाही.

"बंधाऱ्याच्या बाहेरसुद्धा नाही," मावशी म्हणाल्या. "ते मला नांगराच्या साखळीपाशीच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" सिस्टरनी विचारलं.

"मी बोटी तपासते. माणसं माझ्या यादीत नाहीत."

मग त्यांनी बसकण मारली आणि समजावून सांगितलं. न फिरलेली बोट चांगली असते, असा लोकांचा समज आहे. तसं काही नसतं. पडून राहिलेली बोट फिरलेल्या बोटीपेक्षा लवकर जाते. झडपा गंजून बसतात, डिझेलला शेवाळ धरतं, शिवण उन्हाने उसवते. म्हणून साखळी पाहिल्यावर त्यांनी मनातून नाही म्हणून टाकलं होतं. मग तळाच्या झडपा पाहिल्या. समुद्राचं पाणी आतबाहेर करणाऱ्या सात झडपा. एकेक दोन बोटांनी फिरली. प्रत्येकीशेजारी, झडप तुटलीच तर भोकात ठोकायला, मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली. बोटीच्या पोटातला सगळ्यांत खालचा खळगा, जिथे लोक घाण लपवायला घाईने रंग मारतात, तिथे ताजा रंग होता. म्हणून त्यांनी तिथेच नाक खुपसलं. पाण्याचा, डिझेलचा, बुरशीचा वास नव्हता. घड्याळाच्या तेलाचा होता.

एवढ्यात कप्तान वही घेऊन परत आला. मास्तरांच्या हातात न देता त्याने ती सिस्टरना दिली. सव्वीस वर्षांचे सगळे रविवार त्यात होते. बारीक, एका रेषेतलं अक्षर. झडपा फिरवल्या. इंजिन वीस मिनिटं. शिडं उलगडून वाळवली, पुन्हा घड्या घातल्या. खळगा धुतला. दरवर्षी त्याच तारखेला रंग. प्रवासाची म्हणून एक ओळ कुठे नव्हती, आणि खोटीही एक ओळ नव्हती. कप्तानाने वादळं फक्त तोंडाने केली होती. लेखी थाप त्याच्या हातून निघाली नव्हती.

मावशींनी पानं उलटली. वही मिटून म्हणाल्या, "वापरलेली नाही. पण हाताळलेली आहे. चाळीस वर्षांत मी अशी बोट पाहिली नाही."

हे वाक्य मास्तरांनी म्हटलं असतं तर त्याला पियानोचा वास आला असता. मावशींनी म्हटल्यावर कप्तानाने टोपी काढली, आत पाहिलं, आणि पुन्हा घातली.

मग त्यांनी दुसरी बाजूही तितक्याच शांतपणे सांगितली. खडूच्या गोलाखाली, फायबरच्या दोन थरांमध्ये भरलेलं लाकूड ओलं झालंय. कापून, वाळवून, पुन्हा भरायचं. तारा सगळ्या बदलायच्या, दिसायला कितीही चांगल्या असोत. तारांचं वय मोजतात, मैल नाही. आणि या दोन गोष्टी झाल्याशिवाय लांब जायचं नाही. कप्तानाने सगळं मान्य केलं. आता राहिलं गार इंजिन आणि पाण्यातली चाचणी.

"आणि आमच्या अटीचं?" मास्तरांनी सिस्टरना हळूच विचारलं.

"ते मी पाण्यात गेल्यावर ठरवीन. तोवर तुमचं मौन चालू."

दुपारी क्रेनने बोट पाण्यात उतरवली. इंजिन पहिल्याच किल्लीला, एकदा खाकरून, लागलं. मावशींनी मागे वाकून धुराचा रंग पाहिला आणि मान डोलावली. त्या कप्तानाला म्हणाल्या की त्याने यायची गरज नाही, मंद वारा आहे, तासाभरात परत येऊ. कप्तान धक्क्यावर उभा होता. त्याने बोटीकडे पाहिलं, बंधाऱ्याकडे पाहिलं, मग एकदम वर आला आणि मागच्या बैठकीशी, नेहमीच्या जागी, बादलीच्या शेजारी बसला.

"पहिल्यांदा बाहेर चाललीय," तो म्हणाला. "एकटीला कशी पाठवू."

हे ऐकून सिस्टर त्याच्याकडे निरखून बघू लागल्या. मास्तरांना वाटलं भावना. त्या पाहत होत्या तो त्याच्या ओठांभोवतीचा रंग.

बंधाऱ्याचं टोक मागे पडलं आणि पहिली खरी लाट खालून आली. मावशींनी इंजिन बंद करायला सांगितलं, सुकाणूचा दांडा सिस्टरच्या हातात दिला आणि मोठं शीड वर घेतलं. कापड अजून इतकं करकरीत होतं की घडी उलगडताना इस्त्रीच्या कपड्यासारखं वाजलं. त्यात वारा भरला. बोट एका अंगावर कलली, तिथे ठरली, आणि मग कोणी काही न सांगता निघाली. सव्वीस वर्षं बांधून ठेवलेली वस्तू इतक्या सहज निघते, याचं मावशींनासुद्धा कौतुक वाटलं असावं. त्या आत जाऊन खळग्यात हात घालून आल्या आणि कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला. खाली स्टोव्हसुद्धा, अडसराची खीळ सकाळीच मावशींनी सोडवली असल्यामुळे, आयुष्यात पहिल्यांदा झुलत होता.

सिस्टरचे केस सुटले होते. त्या शिडाकडे बघत होत्या आणि दांड्यावर त्यांची दोनच बोटं होती. तीस वर्षं पहाटेची ड्यूटी केलेल्या त्या चेहऱ्यावर मास्तरांनी असं काही यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"मावशी, तुमचं?" सिस्टरनी विचारलं.

"माझं हो आहे. डेक आणि तारा सोडून."

"मग घेतोय आपण," सिस्टर म्हणाल्या. "तारा झाल्या की निघायचं. आणि अहो, आता बोललात तरी चालेल."

मास्तर उठले. सकाळी नऊपासून अडवलेलं सगळं एकदम दाराशी आलं होतं. त्यांनी डोलकाठीची तार धरली, छाती भरून घेतली आणि क्षितिजाकडे हात केला.

"समुद्र," ते म्हणाले, "हाच माणसाचा खरा..."

बोट लाटेवरून उतरली. मास्तरांनी हात खाली घेतला. क्षितिज जिथे असायला हवं तिथे नव्हतं. ते खाली गेलं होतं आणि लगेच वर येत होतं. मागे कप्तान टोपी मांडीवर ठेवून, तीन समुद्रांची सगळी वादळं एका पत्र्याच्या बादलीत मोकळी करून, नुकताच ताठ बसला होता. रंग उडाला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मास्तर पावलं मोजत त्याच्याकडे आले, शेजारी बसले, आणि अदबीने, बायकोला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले,

"कप्तान, तुमचं झालं असेल तर तेवढी बादली जरा इकडे सरकवता का?"